पलीकडे न पोचणारी होडी

६ जानेवारी

काम मिळालं. लोकांना झोपवण्याचं.

वीस वर्षं साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं. आपण लोकांची झोप उडवतो अशी माझी माझ्याबद्दल समजूत होती. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा वाचकांची तीन पत्रं आली, त्यातलं एक वर्गणी परत मागणारं. आता एका कंपनीसाठी निद्राकथा लिहायच्या. माणूस अंथरुणावर पडतो, कानाशी गोष्ट लावतो आणि ती संपायच्या आत झोपतो. शेवटपर्यंत जागा राहिला तर गोष्ट नापास.

कंपनी उशा विकते, वजनदार पांघरुणं विकते, डोळ्यांवरच्या पट्ट्या विकते, जिभेखाली धरायचे थेंब विकते. शिवाय मनगटावर बांधायचा एक पट्टा आहे. तो रात्रभर तुमच्यावर नजर ठेवतो आणि सकाळी तुमच्या झोपेला शंभरपैकी गुण देतो. म्हणजे माणसाची आता झोपेतही नापास होण्याची सोय झाली. हे वाक्य मला मुलाखतीतच सुचलं होतं. गिळलं.

जिन्यात शेजारचे निवृत्त मास्तर भेटले. "सध्या काय लिहिताय?"

"एक मोठं काम हाती घेतलंय."

"कादंबरी?"

"तसंच काहीसं. वाचक देहभान विसरतो."

खोटं बोललो असंही म्हणता येत नाही. पण घरात येऊन दार लावलं तेव्हा कान गरम झाले होते.

११ जानेवारी

आज कंपनीत गेलो. चपला बाहेर काढायच्या, आत कुजबुजत बोलायचं. हिशेबनीससुद्धा कुजबुजतो. भिंतींना राखेसारखा रंग, खिडक्यांना जाड पडदे, आणि तिथल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सगळे कॉफीवर जगतात.

माझी संपादक पोरगेली आहे. मी मनातल्या मनात तिचं नाव 'इस्त्री' ठेवलं, कारण मजकुरात एक सुरकुती राहू देत नाही. तिने नियम सांगितले. भांडण नको. अचानक आवाज नको. खाण्याचा वास नको, भूक लागते. प्रश्न तर नकोच.

"श्रोत्याच्या मनात 'मग?' आलं की आपण हरलो, सर."

मी आयुष्यभर त्या एका शब्दासाठी लिहीत आलो. मान डोलावली.

मग तिने माझा आवाज तपासला. एक पान वाचून घेतलं, डोळे मिटून ऐकलं. "सर, तुमच्या आवाजात काहीच नाही. फार छान. तुम्हीच वाचा."

१५ जानेवारी

लिहायचं कशावर? ढग झाले, गवत झालं, लोकरीचा गुंडा झाला. तिन्ही गोष्टी लिहिताना मीच झोपलो, पण इस्त्री म्हणाली, "यात माया नाही, सर. एखादी खरी आठवण घ्या."

खरी आठवण आमच्या घरात रोज सकाळी फुकट मिळते.

बाबा नावाडी होते. नदीच्या अलीकडे धक्का, पलीकडे धक्का, पलीकडच्या खांबाला एक घंटा. कोणी घंटा वाजवली की होडी घेऊन जायचं. पूल झाला आणि ते काम गेलं, पण पहाटे चारला उठायची सवय गेली नाही. आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले तेव्हा ती सवय घेऊनच आले. चारला उठतात, भांड्यांशी झटापट करून चहा करतात, अंगण झाडतात. सहाला मी बाहेर आलो की समोर कप ठेवतात आणि गोष्ट सुरू.

गोष्टी बऱ्याच आहेत, पण आईची ठरलेली. ती पलीकडे उभी, नर्सच्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेली. घंटा बडवतेय. बाबा अलीकडे निवांत, कारण एका माणसासाठी होडी हलवायची नाही हा त्यांचा कायदा. आईने ओरडून विचारलं, "अहो नावाडी, कान गहाण टाकलेत का?" बाबांनी हात हलवून नमस्कार केला. तेव्हा तिने पायातली चप्पल काढली आणि नदीपलीकडच्या माणसाला फेकून मारली. नेम चांगला होता, नदी रुंद होती. चप्पल वाहून गेली. बाबा घाबरून होडी घेऊन गेले, तर आईच्या आधी एक शेळीच चढून बसली. ती वाटेत आईच्या मुलाखतीच्या कागदाचा कोपरा खाऊन मोकळी. आई एका पायात चप्पल घालून मुलाखतीला गेली आणि नोकरी घेऊन आली. संध्याकाळी परतताना उरलेली चप्पल तिने बाबांच्या हातात ठेवली. "दुसरी शोधून आणा, तोवर ही सांभाळा."

ती अजून सांभाळली आहे. निळ्या पट्ट्याची, उजव्या पायाची, त्यांच्या कपाटावर फडक्यात गुंडाळलेली. बायकोने एकदा म्हटलं, "बाबा, काढून टाकू का?"

"आणि दुसरी सापडली तर?"

गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की बाबा कप कुठल्या वाक्याला खाली ठेवतात तेही मला ठाऊक आहे. सकाळी सहाला ती ऐकणं ही शिक्षा आहे. पण निद्राकथेला नदी मात्र उत्तम.

२२ जानेवारी

'नावाडी' लिहून दिली. इस्त्रीने समोर बसून वाचली. दोनदा हसली, आणि हसली म्हणून तिचा चेहरा पडला.

"शेळी काढू या, सर. शेळी आली की माणूस जागा होतो."

शेळी काढली.

"फेकणं नको. फार जोरकस क्रियापद आहे."

चप्पल काढली. आता आई नुसतीच पलीकडे उभी.

"एकटी बाई दिसली की श्रोता विचार करतो. कोण, कुठली, कुठे निघाली."

आई काढली. तिच्यामागोमाग घंटाही गेली, कारण वाजवायला कोणी उरलं नव्हतं. शेवटी राहिले नदी, होडी आणि नावाडी. मी म्हटलं, आता पलीकडे पोचवून संपवतो.

"पोचवू नका, सर. पोचलं की उतरावं लागतं."

तर आता होडी चालली आहे आणि चाललीच आहे. "नदी संथ आहे. होडी संथ आहे. पाणी होडीला हलकेच थोपटतं आहे." वाचताना माझी मलाच लाज वाटली. साप्ताहिकात असं वाक्य कुणी लिहिलं असतं तर मी त्याच्यावर तीन आठवडे जगलो असतो.

निघताना इस्त्रीने दाराशी विचारलं, "सर, ती दुसरी चप्पल पुढे सापडली?"

"तुम्हीच तर काढलीत."

"हो, हो," म्हणाली आणि पडद्याआड गेली.

३० जानेवारी

कंपनीच्या माहितीपत्रकासाठी एक ओळ हवी होती. दहा मिनिटांत दिली. "आजची अपुरी झोप म्हणजे उद्याचा विसर." सगळे खूश.

संध्याकाळी बाबा न्हाव्याकडे गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. शोधायला गेलो तर दोन गल्ल्या सोडून एका दुकानाच्या पायरीवर बसलेले. "वळण चुकलं," म्हणाले, आणि दुकानदाराला नदीची गोष्ट सांगत होते ती आधी पूर्ण केली. मागच्या महिन्यात चष्मा पिठाच्या डब्यात सापडला होता.

रात्री जेवताना माझीच ओळ मला आठवत राहिली. चारला उठणारा माणूस. किती झोपत असेल? आपण लिहिलेल्या जाहिरातीला घाबरलेला लेखक मी याआधी पाहिला नव्हता.

२ फेब्रुवारी

कंपनीने भेटीदाखल एक खोकं दिलं. बाबांच्या मनगटाला पट्टा बांधला. काल सकाळी गुण आले, अडतीस.

"किती पैकी?" बाबांनी विचारलं.

"शंभर."

"शाळेतही एवढेच पडायचे. मास्तर तरी जागेपणी मारायचा."

थेंबांची बाटलीही होती. ती बायकोने उचलून ठेवून दिली. "अहो, यांना ते काही देऊ नका. तुमच्या गोष्टी पुरेत."

टोमणा होता, पण मला उपाय सापडला. काल रात्री जेवणानंतर बाबांच्या उशाशी 'नावाडी' लावली.

थोडं ऐकून म्हणाले, "रिकामी होडी कोण नेतं रे?"

"गोष्ट आहे बाबा."

"आणि नदी संथ? त्या आडदांड नदीने माझा खांदा कायमचा..."

पुढचं वाक्य आलं नाही. झोपले. आज सकाळी पट्ट्याने एकावन्न दिले. लोक ऐकता ऐकता झोपतात हे कळणं आणि आपला बाप आपल्या आवाजाने झोपलेला बघणं यात फरक आहे. जरा अभिमान वाटला. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

१९ फेब्रुवारी

गुण चौऱ्याहत्तर. बाबा आज साडेसातला उठले. मी सहाला एकट्याने चहा घेतला, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. ताईला फोन करून सांगितलं. ती मोठी, तिला काही सांगितलं की कौतुकाऐवजी तपासणी मिळते.

"पण त्यांना झोप येत नाही अशी त्यांची तक्रार होती का?"

"ताई, मेंदू झोपेत साफ होतो. शास्त्र आहे."

"कुणी सांगितलं?"

"माहितीपत्रकात आहे."

"लिहिलं कुणी माहितीपत्रक?"

फोनला रेंज नाही असं सांगून ठेवला.

४ मार्च

बाबांना दुपारीही गोष्ट लागते आता. जेवून हात पुसला की म्हणतात, "लाव रे ती." आणि होडी निघायच्या आत घोरायला लागतात.

अंगण बायको झाडते. आज झाडू ठेवता ठेवता म्हणाली, "घर फार गप्प झालंय, नाही?"

मी म्हटलं, "हो ना. छान वाटतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. बायकांना शांततेची सवय नसते.

१६ मार्च

'नावाडी' कंपनीत पहिली आली. सगळ्यांत जास्त लोक हिच्यावर झोपतात. छोटा समारंभ झाला. टाळ्या तळव्यांनी नाही, बोटांच्या टोकांनी वाजवल्या. संचालक कुजबुजले, "तुमच्या लेखनाचा आजवर एकही श्रोता शेवटपर्यंत पोचलेला नाही. अभिनंदन." मी मान खाली घालून आभार मानले. मान वर करवतच नव्हती.

घरी येऊन बाबांना सांगितलं. म्हणाले, "माझीच गोष्ट ना ती?"

"तुमचीच."

"नदी संथ असायची," ते म्हणाले. "होडी संथ असायची. पाणी कसं हलकेच थोपटायचं."

शब्दन् शब्द माझा. वाचकाने लेखकाचं वाक्य तोंडपाठ म्हणावं, यापेक्षा जास्त काय हवं? दिवसभराची लाज त्या एका वाक्याने धुऊन निघाली.

२८ मार्च

बाबा सारखा उजवा खांदा चोळतात. "हा का दुखतो रे मला?" विचारत होते. उशी बदलून दिली. कंपनीची, खांद्यांसाठी खास.

९ एप्रिल

ताई चार दिवसांसाठी आली आहे. संध्याकाळी तिने फर्माइश केली, "बाबा, आईची गोष्ट सांगा. पलीकडे उभी होती ती."

बाबांनी सांगितलं. नदी होती, होडी होती, ते वल्हवत होते. संपलं.

"घंटेचं राहिलं," ताई म्हणाली.

"कसली घंटा?"

ताई हसली. "आणि शेळी? कागद खाल्ला ती?"

"होडीत शेळी कशाला घेईन मी? रिकामीच असायची बहुतेक."

मी मध्ये पडलो. "अगं, वय झालं. थोडक्यात सांगतात. फापटपसारा काढून टाकलाय, उलट बरंच."

ताई पुढे सरकली. मग बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून, लहान मुलाला विचारावं तसं तिने विचारलं, "आईने तुम्हाला काय फेकून मारलं होतं, बाबा?"

"तुझी आई कशाला कुणाला काही मारेल?" बाबा दुखावले. "फार शांत बाई होती ती."

आमची आई आणि शांत. तिच्या आवाजाने इस्पितळातले पेशंट गोळ्या वेळेवर घ्यायचे. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा आवाज आला नाही.

१० एप्रिल

ताईने काल 'नावाडी' ऐकली. शेवटपर्यंत ऐकणारी ती पहिलीच. सकाळी चहा ठेवला तिने माझ्यापुढे, पण आपटून.

"छोट्या, यात आई कुठाय?"

"ती निद्राकथा आहे, ताई. त्यात माणसं चालत नाहीत."

"आणि हे तू त्यांना रोज ऐकवतोस. तुझ्या आवाजात. कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"दिवसातून?"

"दोनदा."

तिने पुढे काही विचारलं नाही. ताई गप्प बसते तेव्हा माणसाला आपली बाजू मांडावीशी वाटते. मी मांडली. गुण दाखवले. अडतीसवरून ब्याऐंशी. माझ्याच कानाला माझा आवाज ऐकू येत होता, आणि त्यात खरोखरच काही नव्हतं.

१७ एप्रिल

मेंदूच्या डॉक्टरांकडे बाबांना नेलं. ताई त्यासाठीच मुक्काम वाढवून थांबली होती. बाई पन्नाशीच्या, मोठ्याने बोलणाऱ्या. इतके महिने कुजबुज ऐकल्यावर बरं वाटलं. बाबांना चित्रं दाखवली, घड्याळ काढायला सांगितलं, आजचा वार विचारला. मग बाबांना बाहेर ताईजवळ बसवलं.

म्हणाल्या, विसरण्याचा आजार आहे, सुरुवात जुनी आहे. माझ्या गोष्टीने झाला का, असं मी विचारलं नसतं, पण ताईने शपथ घातली होती, म्हणून विचारलं.

"नाही. आजार गोष्टींनी होत नाही."

मी श्वास सोडला. त्यांनी तो ऐकला असावा.

"आता मला सांगा, यांना झोपेचा काय त्रास होता?"

"पहाटे चारला उठायचे."

"कधीपासून?"

"तरुणपणापासून."

"दिवसा पेंगायचे? चिडचिड?"

"नाही."

"उठून काय करायचे?"

"चहा. अंगण झाडायचे. मग मी उठलो की जुन्या आठवणी सांगायचे. रोज त्याच."

"मग त्रास कुणाला होता?"

खिडकीबाहेर एक माणूस गाडी पुसत होता.

डॉक्टर जरा मऊ झाल्या. म्हणाल्या, झोप हवीच, मेंदूला ती लागतेच, पण झोपेला गुण नसतात. आठवण काही कपाटात ठेवलेली वस्तू नाही. ती सांगितली की दर वेळी नव्याने मांडली जाते. रोज सांगत होते तोवर ती त्यांच्या हाताखालची होती. सांगणं थांबलं, आणि जागा रिकामी होत असताना तिथे रोज दुसरी आवृत्ती ऐकू येत राहिली, तर काय टिकेल ते मी खात्रीने सांगू शकत नाही. "तुमचाच दोष, असं मी म्हणत नाही. तुम्ही त्यांना बोलतं ठेवायला हवं होतं, एवढं म्हणते."

दोष म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

१८ एप्रिल

पट्टा काढून खोक्यात टाकला. बाबांच्या मनगटावर फिकट वळ राहिला आहे.

दुपारी जेवून हात पुसत ते म्हणाले, "लाव रे ती."

"आज मी सांगतो बाबा. खरी. घंटेची."

"सांग."

सुरुवात केली. "नदी होती. पलीकडे धक्का होता..." वर बघतो तो बाबा झोपलेले. घंटेपर्यंतसुद्धा पोचलो नाही.

संध्याकाळी पुन्हा. उद्या सकाळी पुन्हा करीन.

२१ एप्रिल

होत नाही. मी तोंड उघडून 'नदी' म्हटलं की त्यांच्या पापण्या खाली येतात. ताईने सांगितलं तर जागे राहतात, ऐकतात, पण ताईला परत जावं लागलं. फोनवरून तिचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नाही.

माझ्याच आवाजाने ते झोपतात. कंपनीत याला यश म्हणतात.

२३ एप्रिल

कंपनीत जाऊन 'नावाडी' काढून टाका म्हटलं. इस्त्रीने कारण विचारलं. सांगितलं. पहिल्यांदाच ती न कुजबुजता मोकळ्या आवाजात बोलली, आणि आजूबाजूच्या चार माना वळल्या.

"ती आता माझ्या हातात नाही, सर. फार लोक ऐकतात."

"मला माहीत आहे."

"मी पहिला खर्डा वाचला ना, त्या दिवसापासून रोज अंथरुणावर पडले की वाटतं, दुसऱ्या चपलेचं काय झालं असेल. झोप लागत नाही मला." हे ती तक्रार केल्यासारखं म्हणाली. मग खालच्या आवाजात, "मी नको होतं काढायला तुमच्या आईंना."

"तुम्ही सांगितलंत. काढलं मी."

बाहेर येऊन चपला घालताना संचालक भेटले. 'नावाडी भाग दोन'चं विचारलं. नाही म्हणायला गेलो होतो तो मी "विचार करतो" म्हणून आलो. हे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मी फार बाणेदारपणे नाही म्हटलं असं मला आठवायला नको.

२६ एप्रिल

आज बाबा सकाळी आवरासावर करायला लागले. मला बरं वाटलं, हातपाय हलतायत म्हणून. जुनी वर्तमानपत्रं, रिकाम्या बाटल्या, तुटकी छत्री असं सगळं त्यांनी दाराबाहेर नीट रचून ठेवलं. कचऱ्याची गाडी यायच्या बेतात होती.

बायको बाहेर गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी हाक ऐकली नव्हती.

छत्रीच्या खाली फडकं होतं. फडक्यात निळ्या पट्ट्याची चप्पल.

"बाबा, ही का काढली?"

"एका पायाची आहे," बाबा समजूतदारपणे म्हणाले. "एका पायाची चप्पल कोण ठेवतं घरात?"

गाडी आली, बाकीचं घेऊन गेली. मी चप्पल हातात घेऊन दारात उभा. शेजारचे मास्तर जिन्यातून उतरत होते. म्हणाले, "काय, कादंबरी कुठवर आली?" मला काही सुचलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

२७ एप्रिल

बायकोने संचालकांना माझ्या फोनवरून कळवून टाकलं, भाग दोन होणार नाही. मला दाखवलं आणि पाठवलं. मी अडवलं नाही, एवढीच माझी बहादुरी.

मग जेवताना म्हणाली, "तुम्ही नदीपासून का सुरू करता पण?"

"गोष्ट तिथूनच सुरू होते."

"तुमची होते. आईंची कुठे होते तिथून?"

२८ एप्रिल

पहाटे उठलो. मुद्दाम भांडी आपटली. बाबा बाहेर आले, केस विस्कटलेले. "काय चाललंय रे?"

त्यांच्यासमोर कप ठेवला. शेजारी चप्पल ठेवली. मग खुर्चीत नाही बसलो. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, कमरेवर हात ठेवले आणि आईच्या आवाजात, जमेल तेवढ्या आईच्या आवाजात ओरडलो.

"अहो नावाडी, कान गहाण टाकलेत का?"

मास्तरांच्या खिडकीत दिवा लागला. वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण थांबलो असतो तर नदी आली असती. पुन्हा ओरडलो. घंटा म्हणून झाडूच्या दांड्याने बादली बडवली. आईने त्यांना काय काय ऐकवलं ते सगळं ऐकवलं. दर सकाळी कंटाळत ऐकलं होतं, तरी एक शब्द विसरलो नव्हतो. मग चप्पल उचलून फेकली. माझा नेम आईसारखा नाही. ती कुंड्यांच्या पलीकडे जाऊन पडली.

बाबा टक्क जागे होते. कप तोंडाशी नेलेला, तसाच हातात.

"मग?"

तो शब्द ऐकला आणि मला आनंद झाला. लगेच कळलं की बाप मुलाला 'मग?' विचारतो आहे ते त्याच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल, आणि मुलगा खूश होतो आहे. मान खाली घालून कुंड्यांमागून चप्पल काढून आणली, पुसली, पुढे सांगितलं. शेळीला ते मोठ्याने हसले. एका चपलेवर मुलाखतीला गेली यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "बाई तिखट होती हां. मग पुढे काय झालं तिचं?"

बायको दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, सांगा म्हणून.

"तिने त्या नावाड्याशी लग्न केलं, बाबा."

"बिचारा," बाबा म्हणाले.

चहाचा घोट घेतला. चप्पल हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली, पट्टा अंगठ्याने चाचपला. पुष्कळ वेळ. त्यांचा दुसरा हात उजव्या खांद्यावर गेला होता.

"आणि दुसरी? सापडली का त्याला?"

"अजून नाही," मी म्हटलं.